सिएनाच्या पोटातला हुंकार आणि यप्सिलँटीतलं एक गॅरेज

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत जायला नको. आमच्या सिएनाच्या पोटातला आवाज काढायला १,३६१ डॉलर लागले, गाडी नऊ दिवस अडकली, आणि आता ती गप्प आहे. जवळजवळ गप्प. त्या ‘जवळजवळ’कडे नंतर येते.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. मालकानेच बजावलंय की नाव कुठे टाकू नका, आत्ताच तीन आठवड्यांची रांग आहे आणि हात दोनच आहेत. (हात खरं तर चार. मदतीला भाचा आहे, पण मामाच्या हिशेबात भाचा अजून धरत नाहीत.) तेव्हा एवढंच सांगते: मिशिगनमध्ये, यप्सिलँटीत, मिशिगन अव्हेन्यूच्या आतल्या एका गल्लीत, दोन गाड्या उचलता येतील एवढी जागा, आणि दारात एक अतिशय आळशी कुत्रा.

गाडी २०१३ ची टोयोटा सिएना, ऑल-व्हील-ड्राइव्ह. २०१८ मध्ये ६८,००० मैल झालेली घेतली. आमच्या ड्राइव्हवेला चढ आहे आणि जानेवारीत तो चढ म्हणजे काचेची घसरगुंडी. सात माणसं बसतील आणि तो चढ चढेल अशी गाडी हवी होती, आणि तेव्हा अमेरिकेत चारही चाकांना जोर देणारी नवी-जुनी मिनीव्हॅन बघायला गेलं की गाडी सिएनावरच येऊन थांबायची. त्या बदल्यात काय सोडावं लागतं ते मात्र घरी आणल्यावर कळलं. आठवी सीट नाही. स्टेपनी नाही, तिच्याऐवजी हवा गेली तरी काही मैल धावणारे रन-फ्लॅट टायर, ज्यांची किंमत ऐकून माणसाचीच हवा जाते. आणि जोर मागच्या चाकांकडे नेणारा, पोटाखालून गेलेला लांबलचक शाफ्ट, त्याच्या टोकाला छोट्या कळशीएवढं डिफरन्शियल, म्हणजे तो जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी पेटी, आत एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं: छोटा पिनियन आणि मोठा क्राऊन. हे शेवटचं प्रकरण आपल्या मालकीचं आहे, हे मला गेल्या ऑक्टोबरपर्यंत माहीतच नव्हतं.

ऑक्टोबरात आवाज सुरू झाला. ताशी पस्तीस मैलांपर्यंत काही नाही. चाळिशी ओलांडली की मागून बारीक ‘ऊंऽऽ’, पन्नाशीला तो भरायचा, पासष्टला गाडीभर पसरायचा. मिरजेला आमच्या घरामागे पिठाची गिरणी होती. दुपारी आई झोपायची तेव्हा खिडकी लावूनही भिंतीतून येणारा तो आवाज, अगदी तसा. रविवारी पोरांना मराठी शाळेत नोव्हीला नेताना तिसऱ्या रांगेतून मुलगी काहीतरी सांगत असायची आणि मी आरशात नुसते तिचे ओठ हलताना बघायची. ‘काय गं?’ ‘जाऊ दे!’ हा आमचा महिनाभराचा संवाद.

नवरा गाड्यांच्याच धंद्यातला, पण सीटच्या फोममधला. त्याने दारातूनच निकाल दिला, ‘टायर आहेत ते. रन-फ्लॅट मुळात बडबडेच असतात.’ बरं, म्हटलं, टायर तर टायर. पुढचे मागे, मागचे पुढे केले. टायरचा आवाज असता तर टायरबरोबर पुढे आला असता. तो होता तिथेच. शिवाय टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो. आय-२७५ च्या काँक्रीटवर वेगळा, गावातल्या नव्या डांबरावर वेगळा. हा पठ्ठ्या दोन्हीकडे एकाच सुरात.

मग एका साखळी गॅरेजमध्ये गेले (नाव नको, माझीच घाई होती). त्यांनी गाडी उचलली, उजवं मागचं चाक हलवून बघितलं आणि सांगितलं, चाकाचं बेअरिंग गेलंय. ४१२ डॉलर. नवं बेअरिंग, नवा हब, छापील बिल, हसतमुख पोरगा. बाहेर पडले, पन्नाशी गाठली, ऊंऽऽ.

इथे अण्णा येतात. माझे वडील. एसटीच्या मिरज डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना हे सगळं आधी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की चौकशी लागते. शेवटी लागलीच.

‘वळणावर आवाज बदलतो का गं?’

‘नाही, अण्णा.’

‘डावीकडं वळताना जास्त, उजवीकडं कमी, असं काही?’

‘अजिबात नाही.’

‘मग चाकाचं बेअरिंग कुणी बदलाय सांगितलं तुला?’

वळताना गाडीचा भार एका बाजूच्या चाकांवर जातो, म्हणून चाकाचं बेअरिंग खराब असलं की वळणावर त्याचा सूर चढतो किंवा उतरतो. हे मला आता येतं. ४१२ डॉलरची शिकवणी झाली.

मग त्यांनी गृहपाठ दिला. फोन मागच्या सीटखाली ठेवायचा आणि तीन वेळा आवाज भरायचा: एकदा ॲक्सिलरेटर दाबून जोर लावताना, एकदा पाय पूर्ण काढून गाडी नुसती सोडलेली असताना, आणि एकदा पन्नासवर वेग राखून. मी तिन्ही पाठवले. सकाळी उठून बघते तर अण्णांचा आवाजी निरोप, मागे आईची भांडी वाजतायत: ‘तिन्हीत गातीया. नुसती जोर लावल्यावर ओरडली असती तर क्राऊन-पिनियनचे दात म्हटलं असतं. ही दोन्हीकडं गातीया, म्हंजे बेअरिंग. पिनियनचं बघाय सांग. आणि काय गं, मागचं तेल कधी बदललं होतं?’

मी विचारलं, कुठलं तेल?

त्यानंतर तो फोन बराच वेळ शांत होता.

तर दोष कुणाचा ते आधी कबूल करते. इंजिनचं ऑइल आम्ही वेळच्या वेळी बदलत आलो. मागच्या डिफरन्शियलला वेगळं तेल असतं, अर्ध्या लिटरच्या आसपास, आणि ते ८०,००० मैलांत आम्ही एकदाही बघितलं नव्हतं. छतावर सामानाचा डबा बांधून स्मोकी माउंटन्सपर्यंत जाऊन आलो, भरल्या गाडीने. तेल कुणी बघायचं? गाडीला बोल लावायला तोंड नाही.

अण्णांचं निदान घेऊन डीलरकडे गेले. सर्व्हिसच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि अंदाजपत्रक दिलं: पूर्ण डिफरन्शियल असेंब्ली, ३,९०० डॉलर, कर वेगळा. नुसतं बेअरिंग? ‘आम्ही ते उघडत नाही, अख्खंच बदलतो.’ यात लबाडी काही नाही. नवी असेंब्ली, तिला हमी, दोन दिवसांत गाडी परत. पण बारा वर्षांच्या गाडीवर ३,९०० म्हणजे गाईपेक्षा दावं महाग.

यप्सिलँटीच्या गॅरेजवाल्या म्हाताऱ्याचा पत्ता मिळाला तो गणपतीच्या देवळाच्या पार्किंगमध्ये, एका ओळखीच्याकडून. त्या ओळखीच्याकडे जुना पिकअप ट्रक आहे. इकडे हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिफरन्शियल उघडून दुरुस्त करण्याची रीत पिकअपवाल्यांत अजून जिवंत आहे. मिनीव्हॅनवाला माणूस डिफरन्शियल उघडायला गेला तर लोक त्याच्याकडे वळून बघतात. मी फोन केला. उचलला नाही. चार दिवस केला. पाचव्या दिवशी भाच्याने उचलला आणि तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला.

म्हातारा पंचाहत्तरीचा असेल. हॅमट्रॅमकच्या ॲक्सलच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेला. काम काय, तर क्राऊन आणि पिनियनच्या जोड्या यंत्रावर चढवायच्या, फिरवायच्या आणि ऐकायच्या. जी जोडी गप्प फिरेल तिच्यातल्या दोघांवर एकच नंबर टाकून त्यांना एकत्र बांधायचं, कारण एकमेकांवर घासून बसलेले दात तिसऱ्या कुणाशी जमत नाहीत. म्हणजे पत्रिका जुळवायचंच काम. फक्त इथे गुण कानाने मोजायचे.

मी अण्णांचं निदान सांगितलं. तो म्हणाला, ‘तुमचे वडील बरोबर असतील. पण मी ऐकल्याशिवाय पाना लावत नाही. अर्ध्या तासाचे ९५ डॉलर. काम इथेच केलंत तर मजुरीत वळते करीन.’

खरं सांगायचं तर हे सगळं लिहिण्याचं कारण हा अर्धा तास आहे.

त्याने गाडी उचलली आणि पोटाला सहा चिमटे लावले. आपल्याकडे दोरीवर कपडे वाळत घालतात त्या चिमट्यांसारखेच, फक्त दणकट, आणि प्रत्येकाच्या पोटात माइक. दोन मागच्या चाकांपाशी, एक शाफ्टच्या मधल्या आधाराच्या बेअरिंगवर, एक डिफरन्शियलच्या बैठकीच्या ब्रॅकेटवर, एक त्याच्या कुशीला, आणि सहावा नाकावर, जिथे पिनियन आत शिरतो. वायरी टेपने चिकटवत मागच्या खिडकीतून आत घेतल्या, त्या एका पेटीत खोचल्या. पेटीवर एकच फिरवायचं बटण, एक ते सहा. भाचा चालवायला, म्हातारा त्याच्या शेजारी, मी मधल्या रांगेत. यूएस-२३ वर पंचावन्नची गती धरल्यावर त्याने थोडा वेळ स्वतः ऐकलं, आणि मग काही न बोलता हेडफोन मागे माझ्याकडे दिले.

एक: डावं चाक. लांबवर पत्र्यावर पाऊस पडावा तसं. दोन: उजवं चाक, तंतोतंत तसंच. ४१२ डॉलरचा पाऊस. तीन: शाफ्ट, जाड, घोंगडी पांघरल्यासारखी घरघर. चारवर तीच, थोडी जवळून. पाचवर गिरणी ओळखू यायला लागली. सहावर बटण आलं आणि मी हेडफोन कानांवरून उचललेच. लोखंडी पलंग फरशीवरून ओढत न्यावा आणि ओढणाऱ्याने थांबूच नये, असा आवाज. पाचवर परत आले, कमी. सहावर, पुन्हा पलंग. जी गोष्ट चार महिने मी लोकांना हातवारे करून, तोंडाने ऊंऽऽ करून सांगत होते, ती तिथे एका आकड्यावर बसलेली होती.

माझी शंका अशी होती की कोरड्या रस्त्यावर ही गाडी बहुतेक वेळ पुढच्या चाकांवरच चालते. मागच्यांना जोर जातो तो घसरायला लागलं की, किंवा जागेवरून निघताना. मग मागचं यंत्र झिजतं कसं? म्हाताऱ्याने बोटाने हवेत चित्र काढलं. जोर जाऊ द्यायचा की नाही ते ठरवणारा विजेवर चालणारा क्लच डिफरन्शियलच्या पुढे, नाकावर बसलेला आहे. तो सुटला तरी मागची चाकं रस्त्यावर फिरतातच, ती क्राऊनला फिरवतात आणि क्राऊन पिनियनला. पिनियन तर चाकांपेक्षा दोन-तीन पट वेगाने. म्हणजे मागच्या चाकांना काम असो नसो, त्या बेअरिंगला सुट्टी नाही. घरातल्या बाईसारखं, असं मी म्हटलं. इंग्रजीत ते नीट उतरलं नाही, पण भाचा हसला.

गाडी ठेवून आले. दोन दिवसांनी निरोप आला: तेल काढतोय, बघायचं असेल तर या. मी गेले. (नवरा नाही आला. त्याला फोमचं काहीतरी होतं.)

डिफरन्शियलला दोन प्लग असतात, वरचा तेल भरायचा, खालचा काढायचा. म्हाताऱ्याचा दंडक असा की आधी वरचा उघडायचा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर नवं तेल घालणार कुठून? आमचा वरचा बसलेलाच होता. मिशिगनचा हिवाळा म्हणजे रस्त्यावर मीठच मीठ. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारएक फूट खाली खरोखरीची मिठाची खाण आहे, ती काय उगीच नाही. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तिसऱ्या झटक्याला ‘टक्’ झालं, आणि म्हातारा खांदे पाडून हसला तेव्हा मला कळलं की त्यालाही भीती होती.

मग खालचा. अर्धा लिटर यायला हवं तिथे चहाचा कपभर तेल आलं. काळं, आणि उजेडात धरलं की आत चंदेरी झाक, गणपतीच्या मखराला मारतात तसल्या रंगाची. गिअर ऑइलला मुळातच गंधकामुळे जुन्या हिंगाच्या डबीसारखा वास असतो, ह्याला करपलेल्या हिंगाचा होता. प्लगच्या टोकाला चुंबक असतं, त्याला लोखंडाच्या किसाची मिशी फुटलेली. म्हाताऱ्याने ती दोन बोटांत चोळली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बारीक भुकटी असेल तर झीज आहे, वयाप्रमाणे चालतं. कण हाताला लागले तर काहीतरी तुटतंय. अण्णांना संध्याकाळी सांगितलं तर ते म्हणाले, ‘आमी म्हणायचो, पीठ चालतं, रवा नको.’

आमच्याकडे रवा होता.

उरलेलं तेल गेलं कुठे? डाव्या बाजूचं ऑइल सील झिरपत होतं. पण त्यावर धूळ आणि मीठ बसून असा काही खरपुडा झाला होता की ड्राइव्हवेवर थेंब कधी पडलाच नाही. आम्ही आपले ‘तेल गळत नाही, गाडी छान आहे’ म्हणत होतो.

पुढचं सगळं मी बघितलं नाही. शाफ्ट उतरवणं, बाजूचे ॲक्सल ओढून काढणं, गंजलेला एक बोल्ट कापावा लागला तो प्रकार, हे बिलावर वाचलं. शनिवारी परत गेले तेव्हा डिफरन्शियल टेबलावर उघडं पडलेलं होतं. पिनियन दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर फिरतो. तेल कमी झालं की मार आधी पुढच्या बेअरिंगला बसतो, कारण क्राऊनने उडवलेलं तेल तिथवर पोचेपर्यंत संपतं. त्या पुढच्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरचं कडं, त्याने हातात दिला. आतला पृष्ठभाग आरशासारखा हवा. एका बाजूने आरसा होताच. दुसऱ्या बाजूने देवीचे व्रण. नखाने चाचपले तर नख अडकत होतं.

दात मात्र शाबूत. ते कसं ठरवलं तेही दाखवलं. हळदीच्या लेपासारखी पिवळी पेस्ट क्राऊनच्या चार-पाच दातांना फासली, हाताने दाब देऊन दोन्ही दिशांना फिरवली, आणि पेस्ट जिथून पुसली गेली तो डाग बघितला. डाग दाताच्या मध्यावर, कडेला सरकलेला नाही. म्हणजे जोडी अजून एकमेकांना धरून आहे. त्याने मोडण्याआधीच डायल लावून दातांमधला मोकळा खेळ मोजून ठेवला होता, इंचाच्या हजार भागांतले पाच, आणि तो आकडा खडूने टेबलावरच लिहिला होता. जुळवताना तिथेच परत यायचं.

मग त्याने पर्याय मांडले. भंगारातून जुनं डिफरन्शियल ४५० डॉलरपर्यंत मिळेल, बसवणं वेगळं. पण तेही याच मिठातून, याच वयाच्या गाडीतून आलेलं असणार, आणि त्या मालकाने तेल बदललं असेल यावर तो पैज लावायला तयार नव्हता. दात खराब असते तर मात्र त्याने तेच सुचवलं असतं, हे तो दोनदा म्हणाला. दात चांगले आहेत तर पिनियनची दोन्ही बेअरिंगं, कुशीची दोन, सगळी सील, आणि दबणारी नळी, एवढं नवं घालू. बेअरिंगं डीलरकडून नाहीत. जुन्यांवरचा नंबर पुसून वाचला आणि बेअरिंगच्या दुकानातून मागवली.

ती दबणारी नळी ही या कामातली खरी मेख. पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ लोखंडाची एक नळी असते. पुढचा नट आवळत गेलं की ती थोडी थोडी दबते आणि बेअरिंगांवर ताण येतो. ताण कमी पडला तर पिनियन डुलतो आणि पुन्हा गायला लागतो. जास्त झाला तर बेअरिंग तापून जातं. आणि दबलेली नळी परत फुगत नाही. पुढे गेलात की गेलात, नवी घाला. भाचा पाच फुटी दांड्याला लोंबकळून नट आवळत होता, केसभर आवळला की थांबायचा, म्हातारा काटेवाल्या छोट्या पान्याने पिनियन हळूच फिरवून काटा बघायचा, मान हलवायचा. पुन्हा केसभर. पुन्हा काटा. असं वीस मिनिटं, कुणी काही बोलत नव्हतं, कुत्रासुद्धा उठून बसला होता. आणि मग भाच्याचा हात जरासा जास्त गेला. म्हाताऱ्याने काटा बघितला, डोळे मिटले, आणि खणातून दुसरी नळी काढली. दोन आणतोच तो. बिलावर एकच लावली. भाच्याला काय बोलला ते मला समजलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

बिल असं: मजुरी नऊ तास, ताशी ११० प्रमाणे ९९०. बेअरिंगं, सील वगैरे ३१०. तेल ४० (टोयोटाचं ७५डब्ल्यू-८५, त्याबाबत तो हट्टी आहे). सामानावर ६ टक्के कर २१. ऐकण्याचे ९५ सांगितल्याप्रमाणे मजुरीत वळते. एकूण १,३६१. लेखी अंदाज आधी हातात होता, आणि मिशिगनमध्ये तो द्यावाच लागतो, तेव्हा कुठेही जा, मागून घ्या. काढलेले भागही मागितले की द्यावे लागतात. मला मागायची वेळ आली नाही. जुन्या टी-शर्टच्या फडक्यात बांधून पुढच्या सीटवर ठेवलेले होते.

आता रडगाणी. फोन उचलत नाहीत, हे सांगितलंच. पाच दिवस म्हणाले, नऊ लावले. एक सील चुकीचं आलं होतं, हे खरं असेलही, पण मला कळवलं सातव्या दिवशी, तेही मी जाऊन उभी राहिले म्हणून. बदली गाडी नाही. बसायला एक खुर्ची, तीही कुत्र्याची. कार्डाला ३ टक्के जास्त, म्हणून चेकबुक शोधत मी घरी दोन खण उपसले. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला ग्रीसचा अंगठा उमटलाय तो अजून निघत नाही. आणि परत आणल्यावर पहिल्याच दिवशी पोटाखाली पत्रा खडखडायला लागला. उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची एक क्लिप बसवायची राहिली होती. परत गेले, भाच्याने पाच मिनिटांत बसवली, पैसे नाहीत, सॉरीही नाही. कॉफीबद्दल काही बोलत नाही. पाचपैकी चार तारे देते, आणि कापलेला एक तारा पूर्णपणे फोनसाठी.

आणि ते ‘जवळजवळ’. बासष्ट ते पासष्टच्या मध्ये, पाय हलका ठेवला की, मागून अजून एक बारीक तार लागते. रेडिओ चालू असेल तर नाही ऐकू येत. नवऱ्याला ती ऐकूच येत नाही, पण त्याला गिरणीही टायर वाटली होती. हे म्हाताऱ्याने आधीच सांगितलं होतं: दात इतके दिवस डुलणाऱ्या पिनियनबरोबर फिरले, त्यांना तशी सवय लागली, नव्या बेअरिंगांवर ते शंभर टक्के पूर्वीसारखे बसणार नाहीत, थोडा सूर राहील. वाढला तर या. पाचशे मैलांनी तेल बदलून प्लग बघू म्हणाला. गेल्या आठवड्यात बदललं. चुंबकावर पातळ करडी साय होती, बोटांत चोळली, पीठ. तार होती तेवढीच आहे.

जुन्या बेअरिंगचा तो कप अण्णांना हवा होता. मिरजेला जाणाऱ्या एकाबरोबर पाठवला. देवाच्या फळीवर ठेवलाय म्हणून आई चिडलीय. आणि त्यांना आवाज पण हवा होता, तोच गृहपाठ, फोन मागच्या सीटखाली, पन्नासवर वेग राखून. मी रविवारी शाळेच्या वाटेवर अर्धं मिनिट भरून पाठवलं. संध्याकाळी फोन आला.

‘ऐकलं. दोनदा ऐकलं.’

‘मग? येतोय का काही आवाज?’

‘येतोय की. मागं कोण भांडतंय गं?’

तिसऱ्या रांगेत टॅबलेटवरून चाललं होतं.